नारिंगी बुटांचा हंगाम

दहिवलीत भात कापून झालं की आठ-दहा दिवस हवेला पेंढ्याचा वास येतो. दिवसभर उन्हात तापलेल्या आणि पहाटेच्या दवानं पुन्हा मऊ पडलेल्या गवताचा वास. यंदा तो मला परवा सकाळी, दार उघडल्या उघडल्या आला आणि हात आपोआप चपलांच्या मांडणीच्या खालच्या खणाकडे गेला. तिथे माझे नारिंगी बूट असतात. आता त्यांचा रंग विटकरी झाला आहे. जाड तळाच्या कडेला सुरकुत्या पडल्या आहेत, उजवी टाच बाहेरच्या बाजूनं झिजून तिरकी झाली आहे. पूर्वी अंगठ्यानं दाबलं की तळ दबायचा आणि लगेच वर यायचा. आता दबतो आणि तसाच राहतो, उठवूनही न उठणाऱ्या माणसासारखा.

नवा जोड घ्यायला हवा होता. काम एवढंच होतं. पण हे बूट हातात घेतले की मला दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो, भातकापणीपासून वालाच्या शेंगा भरेपर्यंतचा. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला हंगाम होता, हे मी आज छातीठोकपणे सांगतो. मात्र त्याच्याबद्दल सांगायचं तर त्याच्या तीन वर्षं आधीचा हिवाळाही सांगावा लागतो. तो सांगायला मला आवडत नाही. म्हणून तोच आधी सांगून टाकतो.

माझी मुलगी प्राजक्ता बारावीनंतर पोलीस भरतीच्या तयारीला लागली. भरतीत मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. सरावाला मोकळा रस्ता म्हणजे आमच्याकडे चौकला जाणारा, आणि तोही पहाटे, वाहनं वाढायच्या आत. त्या वेळी रस्त्यावर कुत्री, खडीचे डंपर आणि शनिवार-रविवारी फार्महाऊसवर आलेल्यांच्या सुसाट गाड्या. तिला एकटीला सोडायला तिची आई, सुनंदा, तयार नव्हती. मग सोबत मी जायचो. स्कूटरवर.

ती पुढे धावायची आणि मी मागून, मनगट जेमतेम पिळत, तिच्या वेगानं गाडी चालवायचो. अंगात स्वेटर, कानाला मफलर. 'चल, चल, पाय उचल!' असं सीटवर बसून ओरडायचो. ती मंदावली की हॉर्न वाजवायचो. मोहोपाड्याच्या कारखान्यात, जिथे मी प्रयोगशाळेत नमुने तपासतो, तिथे सगळ्यांना सांगायचो, 'पोरीसाठी पाचला उठतो हो रोज.' यात खोटं काही नव्हतं. उठतच होतो.

एकदा ती थांबली आणि वळून म्हणाली, "पप्पा, धूर नाकात जातो. थोडं मागे राहाल का?"

मी मागे राहिलो. दुसऱ्या दिवशी आणखी मागे. मग थंडी वाढली आणि एक दिवस मी गेलोच नाही. 'उद्यापासून नक्की,' म्हटलं. ते उद्या दर दोन-तीन दिवसांनी यायला लागलं.

गाडी बंद करून दोन पावलं तिच्यासोबत पळावं, असं मला कधी वाटलं नाही का? वाटलं होतं. टाचा दुखतात असं कारण मी स्वतःला द्यायचो, आणि टाचा दुखतही होत्या. पंचवीस वर्षं कारखान्याच्या सिमेंटवर, लोखंडी टोकाच्या बुटांत उभं राहून दुसरं काय होणार. पण खरं कारण लाज हे होतं. आमच्याकडे मधल्या वयाचा माणूस रस्त्यानं पळताना दिसला की लोक दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर याची गाडी सुटतेय, नाही तर याला डॉक्टरनं सांगितलंय.

तिचे त्या वर्षीचे बूटही मीच आणले होते. त्याचीही एक तऱ्हा आहे. माझे वडील खालापूरकडच्या एका वाडीत शेती करायचे. पावसाळा संपला की बाजाराला जाताना ते केरसुणीची एक एक काडी घेत, आम्हा भावंडांच्या तळव्याला टाचेपासून अंगठ्यापर्यंत लावत आणि तिथे मोडत. प्रत्येकाच्या काडीला वेगळी खूण. सदऱ्याच्या खिशात आमचे पाय घेऊन ते बाजारात जायचे आणि चपला घेऊन यायचे. चपला मुद्दाम घट्ट आणायचे. 'चामडं आहे, सैल होतं,' म्हणायचे. आठ दिवस आम्ही लंगडायचो, मग खरंच सैल व्हायच्या.

मी प्राजूला चकित करायचं म्हणून ती झोपेत असताना तिच्या तळव्याला काडी लावली आणि मोडली. काडीबरहुकूम बूट आणले. लांबीला अगदी बरोबर. तिनं घातले, नाडी बांधली आणि म्हणाली, "छान आहेत." वर्षभर त्यातच धावली. काडीला लांबी असते. रुंदी नसते, चवडा नसतो, आणि काडीला दुखतही नाही. हे मला फार उशिरा कळलं.

भरतीचं मैदान अलिबागला होतं. त्या दिवशीची गोष्ट मी सुनंदालाही बरेच दिवस सांगितली नव्हती. मुली आत गेल्या. पालकांना बाहेर थांबायचं होतं. मैदानाला पत्र्याचं कुंपण, आतलं दिसायचं नाही. नंबर यायला वेळ लागेल असं कोणी तरी म्हणालं, म्हणून मी चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. एक चहा झाला, दुसरा झाला. शेजारच्या बापाशी राजकारणावर बोलणं रंगलं. मी परत आलो तेव्हा प्राजू फाटकाशी उभी होती. थोडक्यात मागे पडली होती. तिचे ओठ सुकले होते आणि ती गर्दीत मला शोधत होती.

आणि मी काय म्हणालो? "रोज नीट सराव केला असतास तर ही वेळ आली नसती."

तिनं मान हलवली. बूट तिनं मांडणीत ठेवले आणि तीन वर्षं पुन्हा पायात घातले नाहीत. एका दुकानात नोकरी धरली, बाहेरून पदवी केली. आमचं घर शांत होतं. त्या शांततेला मी समाधान समजत होतो.

दोन वर्षांपूर्वी, भात कापायला आलं होतं तेव्हा, मी पहिल्या पाळीवरून लवकर घरी आलो. स्वयंपाकघरात मायलेकी बोलत होत्या.

"फॉर्म भरलाय मी," प्राजू म्हणत होती. "या वेळी शेवटचा प्रयत्न. पण गच्चीवरच पळेन."

"गच्चीवर? अगं, चार खांबांत काय पळणार तू?"

"गोल गोल पळेन. पण पप्पांना सांगू नकोस हां, आई. ते परत गाडी काढतील."

मी बाहेर चप्पल काढता काढता थांबलो. कुणी मला तोंडावर शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. माझ्या मुलीला माझ्यापासून लपून गच्चीवर गोल गोल पळायचं होतं.

त्या संध्याकाळी मी जेवताना म्हणालो, "प्राजू, मी येतो सोबत. गाडी नाही काढणार. पायी."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. प्राजू म्हणाली, "पप्पा, तुम्ही जिना चढताना मध्ये थांबता."

"रस्त्यात जिना कुठे आहे?"

सुनंदा हसली. प्राजू हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. उद्यापासून म्हणणारा माणूस तिला चांगला ओळखीचा होता.

दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन मी बूट घेतले. कॉलेजपासून माझा नंबर जो होता तोच मागितला. काळे घेतले, चारचौघांत उठून दिसणार नाहीत असे. जरा घट्ट होते. दुकानदार म्हणाला, एक नंबर मोठा दाखवू का? मी म्हणालो, "नको, सैल होतात." वडील माझ्या तोंडून बोलले.

पहिले दहा-बारा दिवस मी काय केलं त्याला धावणं म्हणता येणार नाही. विजेचे दोन खांब पळायचं, तीन खांब चालायचं. प्राजू पुढे जायची, वळून माझ्यापर्यंत यायची, पुन्हा पुढे जायची. तिचं अंतर आपोआप दुप्पट व्हायचं. उजेड आधी माथेरानच्या कड्याला लागतो. आम्ही खाली अजून धुक्यात असायचो आणि वर कडा केशरी झालेला दिसायचा. मला धाप लागलेली असायची, टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं, आणि बुटात अंगठे ठणकायचे. मी बोलायचो नाही. ते ठणकणं मला योग्यच वाटायचं. इतकं तरी सोसलं पाहिजे, असं काहीसं माझ्या मनात होतं.

रस्त्याच्या कडेला तेव्हा झोडलेलं भात वाळत घातलेलं असतं. बेबीताई नावाची, माझ्याच वयाची, एक शेतकरीण आपल्या भाताशेजारी पहाटेपासून शेकोटी करून बसलेली असायची. पहिल्या दिवसापासून तिनं माझा ताबा घेतला.

"ओ दादा, कडेनं पळा! भात हाय त्यो, माती नाय!"

दुसऱ्या दिवशी, "दादा, तुमी पळता का उभ्या उभ्या हलता?"

आणि प्राजूला, "बापाला लई दमवू नको गं. ह्यो फुटंल कुठंतरी."

एके सकाळी एक डंपर अगदी अंगावरून गेला. मी कडेला झालो आणि माझा बूट भातात पडला. धान्याला पाय लागला की वाकून हात लावायचा आणि कपाळाला न्यायचा, ही लहानपणापासूनची सवय. मी वाकलो. आणि अंगठ्यांत अशी कळ गेली की मला उठताच येईना. तसाच भाताशेजारी बसलो.

बेबीताई उठून आली. "काय झालं? बूट काढा बघू."

"काही नाही हो."

"काढा म्हनते ना!"

मी बूट काढले, मोजे काढले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती. एक तर हलत होतं. नेमकी तेव्हाच प्राजू परत आली आणि माझ्या पायांपाशी थांबली.

"एवढे घट्ट कशाला घेतले?" बेबीताई म्हणाली.

"सैल होतील म्हणून."

"अवो दादा," ती कपाळाला हात लावून म्हणाली, "रबर हाय त्यो. चामडं नाय. त्यो काय सैल व्हतोय!"

शेकोटीजवळची दोन माणसं खो खो हसली. मीही हसलो. पण प्राजू खाली बसून माझ्या नखांकडे बघत होती. मग ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "पप्पा, राहू दे आता उद्यापासून. मी गच्चीवर करेन."

ते 'उद्यापासून' तिच्या तोंडून ऐकलं आणि मला कळलं की हे दार आता बंद होतंय. या वेळी पुन्हा उघडणार नाही. नख सुटलं, टाच सुजली, कारणं सगळी खरी आहेत आणि सगळी तिच्या ओळखीची आहेत.

"आज संध्याकाळी पनवेलला जाऊ," मी म्हणालो. "तू ये बरोबर. तुझेही घेऊ. काडी नको या वेळी."

ती पहिल्यांदा हसली.

पनवेलला धावण्याच्या बुटांचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, केस पांढरे, स्वतः धावणाऱ्या. मी त्यांना म्हटलं, "सर्वांत मऊ बूट दाखवा." त्यांनी बूट आणले नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या आणि विचारायला लागल्या. रोज धावता की कधीमधी? डांबरावर की मातीवर? दिवसभर काम उभ्याचं की बसून? कुठे दुखतं, सकाळी पहिलं पाऊल टाकताना की संध्याकाळी? आणि शेवटी, "शर्यत जिंकायची आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "हिच्यासोबत रोज यायचं आहे. वालाच्या शेंगा भरेपर्यंत."

बाईंनी प्राजूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग रोजचा बूट पाहिजे. आज धावलेलं उद्या आड येणार नाही असा."

त्यांनी एक लोखंडी पट्टी जमिनीवर ठेवली आणि मला तिच्यावर उभं केलं. तिला दोन सरकत्या खुणा होत्या, एक लांबीची आणि एक रुंदीची. पायाची रुंदीही मोजतात, हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. माझा पाय कॉलेजपासून एका नंबरानं वाढला होता आणि चवड्याशी चांगलाच पसरला होता. "वय झालं की पाय पसरतो," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी आणखी सुजतो. बूट घ्यायला नेहमी संध्याकाळीच यावं. पुढे अंगठ्याएवढी जागा सोडावी. आणि घरी नेऊन सैल होतील या आशेवर कधी घेऊ नयेत."

"हे आज सकाळीच कळलं," मी म्हणालो.

मग त्यांनी प्राजूला पट्टीवर उभं केलं. खूण सरकवली आणि थांबल्या. "हिचा पाय पुढून रुंद आहे. आजवर कसल्या बुटांत धावलीस गं तू?"

मीच म्हणालो, "मी आणले होते. ती झोपलेली असताना माप घेऊन."

बाईंनी मला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

प्राजूचे हलके, चपळ बूट पहिल्या फेरीतच ठरले. माझे ठरायला तासभर लागला. पहिला जोड इतका मऊ होता की कापसाच्या ढिगावर उभं राहिल्यासारखं वाटलं. मी लगेच म्हणालो, हाच. बाई म्हणाल्या, "एका पायावर उभे राहा." राहिलो आणि डुगडुगलो. "बघा. दमल्यावर घोटा असाच डुगडुगणार. नुसतं मऊ असून चालत नाही, खालून रुंदही हवं." दुसरा जोड देखणा होता, आतून कडक, पाऊल पुढे ढकलणारा. तो घालून मी दुकानाबाहेर फुटपाथवर दहा पावलं धावलो आणि स्वतःवरच खूश झालो. बाई म्हणाल्या, "हा घाई असणाऱ्यांचा. तुम्हाला घाई आहे?" नव्हती. मी तीन वर्षं उशिरा आलो होतो; आता घाई करण्यात अर्थ नव्हता.

तिसरा जोड कुरूप होता. दोन बोटं जाड तळ, होडीसारखा खाली पसरलेला, टाच मात्र मागून घट्ट धरणारा. घातला आणि उभा राहिलो. टाचेतला खिळा कुणी तरी आत ढकलून वरून माती लोटल्यासारखा मुका झाला. फुटपाथच्या टोकापर्यंत धावत गेलो, परत आलो. जमीन होती, पण ती मला मारत नव्हती.

"हा," मी म्हणालो. "काळ्या रंगात?"

"या मापात फक्त हाच आहे."

रंग नारिंगी होता. झेंडूसारखा, अर्ध्या मैलावरून दिसेल असा. मला घाम फुटला. दहिवलीतून, ओळखीच्या माणसांसमोरून, हे घालून? मी प्राजूकडे पाहिलं. ती म्हणाली, "पप्पा, काळा मागवला तर चार दिवस लागतील." तिनं एवढंच म्हटलं, पण ते चार दिवस कसे असतात हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी ते पायात घालूनच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बेबीताईनं लांबूनच हाक मारली, "अगं बाई! दादांनी पायाखाली गादी बांधली!" कारखान्यात ही बातमी कोणी पोचवली कोण जाणे. कँटीनमध्ये एक जण म्हणाला, "साहेब, रात्री पण हेच घालून झोपता का? मग खाट कशाला पाहिजे?" सगळे हसले. आश्चर्य म्हणजे मला काही झालं नाही. जिची इतकी वर्षं भीती वाटत होती, ती थट्टा म्हणजे एवढीशीच होती. ती टाळण्यासाठी मी केवढी मोठी गोष्ट गमावली होती!

गादीच्या बुटांबद्दल मला आता थोडं कळतं. ते तुमच्याऐवजी धावत नाहीत. ते तुम्हाला वेगवानही करत नाहीत. ते फक्त उद्या पुन्हा यायची सोय करतात. माझ्यासारख्या माणसाला हवं होतं ते एवढंच. मनाला टोचण्या लावून मी शिक्षा म्हणून धावत होतो, आणि शिक्षा फार दिवस टिकत नाही; एक तर ती भोगून संपते नाही तर माणूस पळ काढतो. पाय दुखायचे थांबले तेव्हा मी पहिल्यांदा प्राजूसाठी धावायला लागलो. त्याआधी मी स्वतःच्याच अपराधासाठी धावत होतो. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

आणखी एक गोष्ट झाली. या बुटांचा आवाज येत नाही. माझ्या पावलांची आदळआपट बंद झाली आणि मला तिची पावलं ऐकू यायला लागली. तिचं डावं पाऊल उजव्यापेक्षा किंचित जोरात पडतं. दमली की दोन्ही पावलं घासल्यासारखी वाजतात. थोड्याच दिवसांत मला डोळे मिटून सांगता आलं असतं की ती पुढे आहे, मागे आहे, की तिला पाणी हवंय. शेतांत भाताच्या खुंटांमध्ये वाल उगवले होते. त्यांना पांढरी-जांभळी फुलं आली तेव्हा मी न थांबता खालापूर तालुक्याच्या पाटीपर्यंत जाऊ लागलो होतो. तिथे पाटीच्या खांबाला हात लावायचा आणि वळायचं, असा आमचा नेम होता. पहिल्यांदा पोचलो तेव्हा प्राजूनं शिट्टी वाजवली होती आणि मी एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात पायी धावत आलेल्या माणसासारखा, म्हणजे जो मी होतोच, दोन्ही हात वर केले होते.

सोबत धावताना माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, समोर बघतात. त्यामुळे बोलणं सोपं जातं. एकदा धुक्यात ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही मागून गाडीचा दिवा लावायचात ना, तेव्हा माझी सावली माझ्या पुढे पडायची. लांबच लांब. मी कितीही पळाले तरी ती पुढेच. मला वाटायचं, मला हिला कधीच गाठता येणार नाही."

मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं गं."

"सीटवरून दिसत नसेल."

थोड्या वेळानं मी विचारलं, "त्या दिवशी मैदानावर काय झालं होतं?" तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"दुसऱ्या फेरीत," ती म्हणाली, "पलीकडच्या बाजूला पाय जड झाले. अलीकडे सगळे असतात, शिट्ट्या, आरडाओरडा. पलीकडे कुंपणाच्या बाजूला कुणीच नसतं. तिथेच गेलं सगळं."

त्या वेळी मी टपरीवर दुसरा चहा पीत होतो, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये. तुमच्या मिशीला साय लागली होती."

वालाच्या शेंगा टच्च भरल्या आणि भरतीची तारीख आली. तेच मैदान, तेच पत्र्याचं कुंपण, तीच टपरी. या वेळी मी प्राजू आत गेल्यावर टपरीकडे वळलो नाही. कुंपणाला धरून चालत, काटेरी झुडपं बाजूला करत, मैदानाच्या पलीकडच्या बाजूला गेलो. तिथे कुणी नव्हतं. पत्र्याच्या वरून काही दिसत नव्हतं. पण खाली, जमीन आणि पत्रा यांच्यात, वीतभर फट होती.

वाट बघत किती वेळ उभा होतो, आठवत नाही. एक गट धावून गेला, दुसरा गेला. पावलांचा नुसता गलका. तिसऱ्या गटाची शिट्टी झाली, आणि मुली पहिल्या फेरीत माझ्या बाजूला आल्या तेव्हा त्या गलक्यात मला ते डावं पाऊल ऐकू आलं. किंचित जोरात पडणारं. ती होती. पाऊल चांगलं वाजत होतं. गेली. मी नाड्या पुन्हा बांधल्या.

दुसऱ्या फेरीत ती आली तेव्हा पावलं घासत होती. मला ताबडतोब कळलं. मी हाक मारली नाही. सीटवरून फार हाका मारून झाल्या होत्या. मी नुसता धावायला लागलो. पत्र्याच्या अलीकडून, तिच्या बाजूबाजूनं, पोट सुटलेला पन्नाशीचा माणूस, आयुष्यात कधी धावलो नव्हतो तितक्या जोरात. झुडपं पँटला ओरबाडत होती. तीसेक पावलं झाली असतील. आणि पत्र्यापलीकडचं घासणं थांबलं. डावं, उजवं, डावं, उजवं, पावलं उचलून पडायला लागली. मग ती माझ्या पुढे गेली. आणखी पुढे गेली. वळणावर आवाज लांब गेला आणि मी गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिलो, छाती फुटायला आलेली, आणि एकटाच मोठ्यानं हसलो.

फाटकाशी ती धावतच आली. वेळेत बसली होती, चांगली ऐसपैस. मी काही विचारायच्या आत माझे दोन्ही खांदे धरून म्हणाली, "पप्पा, फटीतून बूट दिसत होते! खाली मान गेली होती माझी, संपलंच होतं सगळं, आणि बाजूनं दोन नारिंगी बूट पळत होते!"

काळे असते तर त्या सावलीत दिसले नसते. एवढंच मला त्या क्षणी सुचलं. तिनं माझी पँट बघितली, काटे बघितले आणि म्हणाली, "आई ओरडणार आज." मग आम्ही दोघं टपरीवर गेलो आणि चहा प्यायलो. साय मी आधी बाजूला केली.

पुढे लेखी परीक्षा झाली, यादीत नाव आलं, बेबीताईनं वालाच्या शेंगांनी भरलेली पिशवी घरी आणून दिली आणि सुनंदाला म्हणाली, "पोरीनं नाव काढलं वैनी, आनि दादा फुटला बी नाय." आता प्राजूचं प्रशिक्षण संपलंय, वर्दी अंगावर आली आहे, सुट्टी मिळेल तेव्हा घरी येते. मी अजून धावतो. रोज. टोचणी पूर्ण गेली असं म्हणणार नाही. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. पण आता ती मला अंथरुणात गाठत नाही.

परवा नव्या जोडासाठी पनवेलला गेलो, संध्याकाळीच. बाईंनी ओळखलं. "आता काळे आलेत तुमच्या मापात," त्या म्हणाल्या.

"नको," मी म्हणालो. "ते दुसरे द्या."

काल रात्री प्राजू सुट्टीवर आली. आज पहाटे मी अंगणात नाड्या बांधत होतो, नवे बूट, झेंडूसारखे. ती दारात आली. कानाला मफलर गुंडाळलेला, बोटात स्कूटरची किल्ली गरगर फिरवत.

"पप्पा, आज तुम्ही पुढे पळा," ती म्हणाली. "मी मागून गाडीवर येते. हॉर्न वाजवते, चल चल म्हणते."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिनं फार वेळ चेहरा गंभीर ठेवला. मग हसायला लागली, किल्ली आतल्या खिळ्याला अडकवली आणि बूट घेऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली. बाहेर पेंढ्याचा वास होता. माथेरानच्या कड्याला नुकता रंग चढत होता.

"कुठपर्यंत?" तिनं विचारलं.

"पाटीपर्यंत," मी म्हणालो, आणि तिच्या आधी उठलो.